‘हातावर पोट असणे’ म्हणजे नेमके काय?
ज्या दिवशी हाताला काम मिळेल त्याच दिवशी चूल पेटेल, अशा स्थितीला ‘हातावर पोट असणे’ म्हणतात. सकाळी मजूर अड्ड्यावर घमेले-फावडे आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन मुकादमाची वाट पाहणारा माणूस आठवावा, म्हणजे अर्थ निराळा सांगावा लागत नाही. 2020च्या टाळेबंदीत रोजंदारीवरील मजूर, फेरीवाले आणि घरकाम करणाऱ्या बायका यांच्याविषयी लिहिताना वर्तमानपत्रांनी हाच शब्दप्रयोग वारंवार केला, आणि तो अचूकच होता. मात्र ‘गरीब’ या अर्थी तो सरसकट वापरू नये. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणारा मनुष्य गरीब असेल, पण त्याचे पोट हातावर नसते. वाक्यात ‘त्याचे हातावर पोट आहे’ किंवा ‘हातावर पोट असलेली माणसे’ असे लिहावे.