हेडसेटचा माईक लॅपटॉपला दिसत नाही? आधी पिन बघ
अरे ड्रायव्हर (हेडसेट चालवणारं सॉफ्टवेअर) नंतर बघू, आधी पिन हातात घे आणि त्यावरच्या काळ्या रिंगा मोज. तीन असतील तर माईक त्याच पिनेत आहे, दोनच असतील तर ती नुसती आवाजाची पिन, माईकची दुसरी वेगळी असणार, आणि नवीन लॅपटॉपला बहुतेक एकच जॅक असतो म्हणून दोन पिनांचा एक करणारा कनेक्टर लागतो, अगदी स्वस्तात मिळतो. माझा तर आठवडा गेला विंडोज परत टाकण्यात, आणि शेवटी पिनच अर्धा मिलिमीटर बाहेर! टक्क आवाज येईपर्यंत दाब. तरी नाही झालं तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी चालू आहे का बघ, आणि साउंडमध्ये इनपुटला हेडसेटच निवड.