वाळवलेला पाला तपकिरी का होतो?

प्रश्न : ड्रायरमध्ये ७० अंशांवर पुदिना आणि शेवग्याचा पाला वाळवला. दोन्ही तपकिरी झाले, पुदिन्याचा वासही गेला. तापमान किती ठेवावे?

उत्तर : दोघांना एकच तापमान लावणे हीच मुळात चूक. पुदिन्याचा वास त्याच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो, म्हणून ३५ ते ४० अंश सेल्सिअस पुरे; वेळ लागला तरी चालेल. शेवग्याला वासाची चिंता नाही, तो ५० ते ५५ अंशांवर वाळवा.

ओल्या पानाला जास्त उष्णता लागली की हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. क जीवनसत्त्वही घटते. मात्र तापमान फार कमी आणि हवा कोंडलेली असेल, तर पानातली विकरे (एन्झाइम्स) काम करत राहतात. पाला काळवंडतो, बुरशीही धरते. म्हणजे पंखा तापमानाइतकाच महत्त्वाचा.

पाने धुऊन पाणी पूर्ण निथळा, जाड देठ काढा, जाळीवर एकच थर पसरा. चुरगळल्यावर पान कुरकुरीत मोडले पाहिजे. वाकले तर अजून ओल आहे. गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. गरम भरल्यास आत वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया! उन्हात मात्र वाळवू नका, बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते) प्रकाशानेही नष्ट होते.