जुन्या डिरेक्टरीत मोंढा शोधताना

चि. स अनेक आशीर्वाद.

सेलूच्या जिन-प्रेसचा, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यांचा, इतिहास लिहायला घेतलास, बरं केलंस. थॅकर्सच्या डिरेक्टरीत, म्हणजे गावोगावच्या पेढ्यांची नावं देणाऱ्या जुन्या इंग्रजी सूचीत, गाव सापडत नाही म्हणून हात टेकू नकोस. तिथे स्पेलिंगं जुनी असतात: सेलूचं ‘सैलू’, नांदेडचं ‘नांदेर’, बीडचं ‘भीर’. अंबाजोगाई तर ‘मोमिनाबाद’. स्कॅन केलेल्या प्रतींच्या सर्चमध्ये ही सगळी रूपं टाक, पण त्यावर विसंबू नकोस; बारीक टायपातले कॉलम मशीनला नीट वाचता येत नाहीत. गावाचं पान लागलं की ओळ न् ओळ डोळ्यांनी वाच. औरंगाबाद दिसलं तर दख्खनचं की बिहारचं, ते आधी बघ.

1956 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबादखाली मिळेल, 1 नोव्हेंबर 1956 नंतर मुंबई राज्यात, 1960 पासून महाराष्ट्रात. बदलाच्या आसपासच्या आवृत्त्यांत दोन्हीकडे बघ. लातूर 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, जालना 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात.

आधी पाच-पाच वर्षांच्या अंतराने आवृत्त्या चाळ. नाव बदललं किंवा गळलं, तिथे मधली प्रत्येक आवृत्ती काढ. वहीत खाने पाड: आवृत्तीचं वर्ष, पान, गाव, छापलेलं नाव, धंदा, शेरा. नाव चुकीचं वाटलं तरी जसंच्या तसं उतरव, दुरुस्ती शेऱ्यात. डिरेक्टरीतल्या संक्षेपांच्या यादीचा फोटो घ्यायला विसरू नकोस, नाहीतर घरी आल्यावर अर्धी नोंद कळत नाही.

खरी गोम पुढे आहे. नोंद आहे म्हणजे त्या वर्षी जिन चालू होतं असं नाही. माहिती छपाईच्या आधी गोळा झालेली असते आणि जुनी ओळ वर्षानुवर्षं तशीच छापली जाते. पेढी आजोबांच्या नावाने चालते, मालक नातू असतो. नाव गळलं तर भागीदारी फुटली असेल, किंवा कुणी माहितीच कळवली नसेल. म्हणून ‘पहिली नोंद अमुक साली’ एवढंच लिही, ‘स्थापना’ म्हणू नकोस. मोंढ्यातले, म्हणजे शेतमालाच्या बाजारातले, आडते, तेलघाणेवाले बहुतेक दिसणारच नाहीत. इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्या, रेल्वेकाठच्या मोठ्या पेढ्याच तिथे पोचल्या. नोंदी तुरळक, म्हणून बाजार लहान, असा निष्कर्ष काढशील तर फसशील.

पडताळ्याला मोठ्या कारखान्यांची जुनी सरकारी यादी घे. तीत रोजच्या मजुरांची सरासरी मिळते. मग नगरपालिकेचं घरपट्टी रजिस्टर आणि पुराभिलेखातले निजामकालीन कागद. ते बरेचसे उर्दूत, साल फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं ऑक्टोबरात सुरू होणारं महसुली साल. इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसलीत 590 मिळव, जानेवारीपासून 591; फसली 1345 म्हणजे ऑक्टोबर 1935 ते ऑक्टोबर 1936. रक्कम हाली, म्हणजे निजामाच्या, रुपयांत असेल तर 7 हाली म्हणजे साधारण 6 कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढच्या इंग्रजी सालात जातो, फसलीत मात्र एकाच वर्षात बसतो. तेव्हा हंगामाचे आकडे फसलीतच मांड, इसवी सन शेजारच्या खान्यात.