२०२२ मध्ये मुंबईत गोवरची साथ गोवंडीतच एवढी का भडकली?

मुख्य कारण म्हणजे कोविडच्या काळात चुकलेले गोवरच्या लसीचे डोस. गोवर थोपवायला ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात, इतका तो झपाट्याने पसरतो. गोवंडीत एकेका छोट्या खोलीत अख्खं कुटुंब राहतं. विषाणू बंद हवेत दोन तासांपर्यंत टिकतो आणि पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असतं. आईला अंगावरचे लाल ठिपके दिसेपर्यंत शेजारच्या पोरांना लागण झालेली! त्यात कुपोषण असलं की न्यूमोनिया जिवावर बेततो. साथीत ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस दिला गेला, पण तो वेगळा. ९ महिन्यांचा आणि १६ ते २४ महिन्यांमधला डोस तरीही द्यायलाच हवा.