विणकाम-भरतकामाच्या ‘कोझी’ (म्हणजे सौम्य, घरगुती वातावरणातल्या) रहस्यकथा लोक एवढ्या आवडीने का वाचतात? खुनी तर आधीच ओळखू येतो!

खुनी ओळखू येतो हे मान्य. मलाही बहुतेकदा अर्ध्यातच येतो. पण मी या कादंबऱ्या खुन्यासाठी वाचतच नाही, त्यातल्या दुकानासाठी वाचते.

मोनिका फेरिस यांची मालिका घ्या. ती घडते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनेटोंका तळ्याकाठच्या एक्सेल्सियर नावाच्या छोट्या गावात. गाव अगदी खरं आहे. 1999 साली आलेल्या पहिल्या पुस्तकात नायिका बेट्सीच्या बहिणीचा खून होतो आणि बहिणीचं भरतकामाचं दुकान बेट्सीच्या गळ्यात पडतं. त्या कामात ती नवखी, त्यामुळे तिच्याबरोबर आपणही शिकत जातो. दर सोमवारी तिथे बायका आपापलं काम घेऊन बसतात. हात गुंतलेले आणि नजर सुईवर असली की माणूस सहज काय काय बोलून जातं! पोलीस चौकीत समोर बसवून विचारलं तर त्यातलं अक्षर बाहेर पडणार नाही. म्हणजे चौकशी चालू असते, पण कुणाला ती चौकशी वाटत नाही.

मला याहून आवडते ती पुराव्याची गंमत. याच मालिकेत पुढे तळ्यातून वर काढलेल्या जुन्या बोटीत सांगाडा सापडतो, सोबत लेसचा तुकडा. दुसऱ्या कुणाच्या हाती ती चिंधीच ठरली असती. जिने आयुष्यभर सुई चालवली, तिला मात्र त्यात नमुना दिसतो, काम कुठल्या पद्धतीचं आहे ते दिसतं. एरवी ‘रिकामपणचा उद्योग’ म्हणून हिणवलेलं ज्ञान इथे तपासाचा धागा होतं. अर्लीन फाउलर यांनी तर 1994 पासूनच्या आपल्या मालिकेतल्या पुस्तकांना अमेरिकन गोधड्यांच्या पारंपरिक नमुन्यांचीच नावं दिली.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. शीर्षकांतल्या कोट्या कधीकधी असह्य होतात. शिवाय एवढ्याशा गावात इतके खून पडूनही कुणी घर विकून जात नाही, हे नवलच! रक्तपात मात्र जवळजवळ नसतो, त्यामुळे रात्री झोपताना वाचायला बऱ्या.

अनेक पुस्तकांच्या शेवटी एखादा नमुना किंवा पाककृती दिलेली असते. टाक्यांची वर्णनं गाळून पुढे जावंसं वाटत असेल, तर सरळ पोलीस तपासाच्या कादंबऱ्या वाचा. सुरुवात करायचीच असेल तर फेरिस यांच्या पहिल्या पुस्तकापासून करा, कारण दुकानातली माणसं पुढच्या भागांत तीच राहतात.