आई केअर सेंटरमध्ये आहे, दंडावर काळंनिळं दिसलं. तिचे हाल होताहेत हे ओळखायचं कसं, आणि तक्रार केली तर तिलाच त्रास देतील का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. "भाऊ म्हणतो, तक्रार केली तर तिथले लोक आईवरच राग काढतील, त्यापेक्षा गोडीगुलाबीने घेऊ." हे वाक्य माझ्या नणंदेचं आहे, अगदी शब्दन् शब्द. त्याच्याकडे येतेच, आधी डागाचं सांगते.

दंडावरच्या एका डागावरून कोणीच काही ठरवू शकत नाही. म्हातारपणी कातडी पातळ होते, त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नुसतं धरून उठवलं तरी काळंनिळं पडतं. अमेरिकेत २००५ साली म्हाताऱ्या माणसांना अपघाताने पडणाऱ्या डागांचा अभ्यास झाला होता. त्यातले सुमारे ९० टक्के डाग हातापायांवर होते. मान, कान, कुल्ले, गुप्तांग आणि तळपाय इथे एकही नव्हता. तेव्हा दंडापेक्षा या जागा बघा. "पिवळा पडलाय म्हणजे जुना असणार" हेही धरून चालू नका, काही डाग पहिल्या चोवीस तासांतच पिवळे दिसले होते. दोन्ही दंडांवर बोटांचे ठसे, मनगटाभोवती गोल खूण, किंवा "त्या पडल्या" असं सांगतात पण पडल्याची नोंद कुठेच नाही आणि त्या दिवशी तुम्हाला फोनही आला नाही, असं असेल तर मात्र संशय घ्यायचाच.

पण मार शोधत बसाल तर दुर्लक्ष नजरेतून निसटेल, आणि माणूस खंगतो तो बहुतेक वेळा दुर्लक्षाने. आमच्या सासूबाईंना कोणी बोट लावलं नव्हतं. प्रश्न तोच होता, कोणी हातच लावत नव्हतं.

खुब्याचं हाड मोडल्यावर त्यांना केअर सेंटरमध्ये ठेवलं होतं. विसराळूपणा आधीपासून होता. नणंद दर रविवारी सकाळी भेटायला जायची. वेळ ठरलेली, त्यामुळे सासूबाई तयार असायच्या. वेणी घातलेली, पावडर लावलेली, व्हीलचेअरवर बसवून गुडघ्यांवर शाल टाकलेली. नणंद फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायची, आई किती छान दिसतेय. फोटोत खरंच छान दिसायच्या.

मी एकदा कामावरून परस्पर गेले, संध्याकाळी, न सांगता. दारावरच्या माणसाने थांबवलं, आत्ता भेटीची वेळ नाही म्हणाला. मी म्हटलं, पैसे भरताना वेळ बघत नाही ना तुम्ही. आत गेले तर सासूबाई सरळ उताण्या निजलेल्या. डायपर इतका जड की चादरीपर्यंत ओल आलेली. पाण्याचा पेला टेबलावर होता, भरलेला, त्यांचा हात पोचणार नाही इतका लांब. ओठांना चिरा पडलेल्या. पाय गार वाटला म्हणून मोजा नीट करायला गेले, तर तो टाचेला चिकटलेला होता. ओढला तशा त्या कळवळल्या. पाणी लावून, भिजवून, हळूहळू सोडवला. आत टाचेवर रुपयाएवढा काळा डाग, कडा लालसर आणि पायाला एक वास.

डोक्याशी भिंतीवर कूस बदलण्याचा तक्ता लावलेला होता. दर दोन तासांनी डावी, उजवी, उताणं, आणि पुढे सही. तेव्हा सात वाजले होते आणि तक्त्यावर रात्री दहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. एकाच पेनाने, एकाच हाताने. मी मोजा, टाच, डायपर, तक्ता आणि भिंतीवरचं घड्याळ या सगळ्याचे फोटो काढले आणि मग इन्चार्ज सिस्टरना हाक मारली.

त्या म्हणाल्या, वयाचं आहे, कातडी नाजूक असते. आणि त्या जेवायलाच मागत नाहीत हो. मी वजनाची वही मागितली. दर महिन्याला वजन लिहिलेलं, आणि दर महिन्याला तेच. मग मी म्हटलं, ज्या बाई उभ्या राहू शकत नाहीत त्यांचं वजन कशावर करता ते दाखवा. काटा आणला, तो उभं राहून वजन करायचा. यावर त्या काही बोलल्या नाहीत. (महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर डॉक्टरांनी लक्ष घालायला हवं असा सर्वसाधारण निकष आहे. वजनच होत नसेल तर निकष काय करणार?)

आता नणंदबाई. मी रात्री फोन केला तर पहिलं वाक्य, "तू न सांगता का गेलीस?" दुसरं वाक्य तुमच्या भावाचं. हे म्हणाले, ताईचं बरोबर आहे, आपल्याला आईला तिथेच ठेवायचंय ना. मी दोघांनाही विचारलं, आत्ता आपण गोड बोलतोय तर टाच अशी आहे, मग राग काढून ते आणखी काय करणार आहेत? त्याला उत्तर आलं नाही, पण माझ्यावर राग बसला तो बसलाच.

मी पत्र लिहिलं. तारीख, वेळ, काय दिसलं, कोण हजर होतं, ते काय म्हणाले आणि आम्हाला काय हवं आहे. "तुम्ही आमच्या आईला मारलंत" असलं एकही वाक्य नाही. दोन प्रती काढल्या, एकीवर सही-शिक्क्याची पोच घेतली. त्याच आठवड्यात बाहेरच्या सर्जनना दाखवून त्यांच्याकडून जखमेची लेखी नोंद करून घेतली. त्यांनी सांगितलं, काळी खपली कोरडी आहे, आत पू नाही, तर ती उगाच खरवडू नका, फक्त टाचेवर भार येऊ देऊ नका. पोटरीखाली उशी द्यायची, टाच हवेत राहिली पाहिजे. केअर सेंटरने तोवर टाचेखाली गोल चकतीची उशी दिली होती आणि वर तेलाने चोळत होते. दोन्ही चूक. चकतीच्या कडेने रक्तपुरवठा आणखी दाबला जातो आणि चोळल्याने आतली इजा वाढते.

आणि पत्रानंतर काय झालं? राग काढला का? नाही. सासूबाईंची कूस बदलायला लागले. मालक स्वतः फोन करायला लागले. दंगा करणाऱ्या घरच्या पेशंटकडे आधी बघितलं जातं, हे तिथल्याच एका मावशींनी मला जिन्यात सांगितलं. ज्यांचं कोणी विचारायला येत नाही त्यांचे हाल सर्वांत जास्त होतात. पुढे आम्ही त्यांना दुसरीकडे हलवलं, टाच भरून आल्यावर. नणंद आजही चारचौघांत म्हणते, वहिनी भांडली म्हणून आईला हलवावं लागलं. म्हणू दे. पोच माझ्याकडे आहे.

तुमच्या आईकडे वळते. ठरलेल्या वेळी जाऊ नका. जेवणाच्या वेळी, संध्याकाळी पाळी बदलताना, सुट्टीच्या दिवशी जा. पांघरूण काढून बघा, लाजू नका. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू. लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे, लाली तशीच राहिली तर बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली. सावळ्या अंगावर लाली सहज दिसत नाही, तिथे हाताने चाचपायचं, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतंय का. लघवी गडद आणि उग्र वासाची, तोंड कोरडं, आणि काल बरं बोलणारी आई आज अचानक असंबद्ध बोलतेय, तर "वय झालं" म्हणू देऊ नका. पाणी कमी पडलं असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, त्याच दिवशी डॉक्टर हवा.

आई अचानक दिवसभर झोपून राहायला लागली तर गोळ्यांची यादी मागा. त्रास देणाऱ्या पेशंटला गप्प करायला मानसिक आजाराची (अँटिसायकोटिक) औषधं देतात, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये त्यातल्या नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही सर्वांत कडक इशारा छापायला लावला. कोणी लिहून दिली, कशासाठी आणि कधी बंद करणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

आई "मला मारतात" म्हणते पण तिला विसरायला होतं, म्हणून विश्वास ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. ठेवा. निदान तपासेपर्यंत तरी ठेवा. तारीख विसरणाऱ्या बाईला दुखलेलं कळत नाही असं थोडंच आहे? तिला एकटीला विचारा, आयाबाई खोलीत असताना नको. "तुला मारलं का?" असं नको, "हे कसं झालं गं?" असं. ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. आणि विशिष्ट माणूस खोलीत आल्यावर ती अंग चोरते का, तेही बघा.

जांघेत किंवा छातीवर डाग, रक्त किंवा फाटलेले कपडे दिसले, हाड मोडलं असेल, ती शुद्धीत नसेल तर पत्रबित्र लिहीत बसू नका. थेट हॉस्पिटल आणि पोलीस. अंघोळ घालू नका, कपडे धुवायला टाकू नका, ते पुरावा असतात. बाकी बाबतीत आधी व्यवस्थापकाला लेखी, तिथे दाद लागली नाही तर ज्या सरकारी कार्यालयाने त्यांना परवाना दिलाय तिथे, त्याच पत्राच्या प्रतीसह. अंगठी, बँकेचं पुस्तक, अंगठ्याचे ठसे घेतलेले कागद, याकडेही एक डोळा असू द्या.

"तिथली मुलं स्वभावाने चांगली आहेत" असं तुम्ही लिहिलंय. असतीलही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आकडा असा की, अशा संस्थांमधल्या तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात आपल्या हातून काही ना काही गैरवर्तन झाल्याचं स्वतःच सांगितलं. ते सगळे राक्षस नसणार. रात्री एकच बाई सगळ्या मजल्याला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलणं तिच्या हातात नसतं. म्हणून पत्र मालकाच्या नावाने लिहायचं, मावशीच्या नाही. रात्री किती माणसं असतात हा प्रश्न त्यात जरूर घाला.

हेही सांगायला हवं की प्रत्येक बेडसोअर म्हणजे दुर्लक्ष नव्हे. अगदी शेवटच्या दिवसांत सगळं नीट करूनही कातडी फाटते. जेवण जाईनासं होणंही आजाराचा भाग असू शकतं. फरक नोंदीत दिसतो. काळजी घेणारे लोक जखम दिसली त्याच दिवशी तुम्हाला सांगतात, मापं लिहितात, डॉक्टरांना बोलावतात. लपवणारे मोजा घालतात.

कॅमेऱ्याचं विचारलंत. आईची संमती, संस्थेची परवानगी आणि खोलीत दुसऱ्या कोणी आजी असतील तर त्यांच्या घरच्यांचीही लागेल, आणि तुमच्याकडचा कायदा आधी बघा. लावलात तरी पांघरुणाखालचं त्यात दिसणार नाही. भावाला एवढंच सांगा की या रविवारी त्याने फोटो काढायच्या आधी आईचे मोजे काढावेत.