परक्या देशातल्या मोर्चात चालले, चुकलं का?

प्रश्न : परदेशात फिरताना अचानक एका मोर्चासमोर येऊन उभी राहिले. शेजारच्या बाईंनी हात धरला आणि मी चौकभर त्यांच्याबरोबर चालले. घरचे म्हणतात, ‘तुझा काय संबंध?’ माझं चुकलं का? तुमच्यावर अशी वेळ आलीय? – एक वाचक

उत्तर : ताई, आलीय. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये, एका गुरुवारी. राष्ट्राध्यक्षांचं ते गुलाबी कार्यालय बघावं म्हणून मी ‘प्लासा दे मायो’ या चौकात गेले होते. साडेतीन वाजले आणि मधल्या पांढऱ्या स्तंभाभोवती माणसं जमू लागली. पुढे अगदी थकलेल्या आज्या, डोक्याला पांढरे रुमाल. एकीच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात एका तरुणाचा कृष्णधवल फोटो. रुमालावर निळ्या दोऱ्याने भरलेलं त्याचं नाव, खाली तारीख, साल १९७७. मी टक लावून बघतेय हे त्यांनी पाहिलं आणि कोपर पुढे केलं. मी धरलं.

१९७६ मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली आणि तरुण पोरं घराघरांतून उचलली जाऊ लागली. मानवी हक्क संघटना बेपत्ता माणसांचा आकडा ३०,००० सांगतात. ३० एप्रिल १९७७ ला काही आया या चौकात पहिल्यांदा जमल्या. जमावबंदी होती. पोलीस दरडावायचे, ‘उभ्या राहू नका, चालत्या व्हा.’ मग त्या दोघी-दोघी हातात हात घालून चालायलाच लागल्या! ते चालणं अजून थांबलेलं नाही. गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला बाळाचे लंगोट बांधले होते, त्याचाच पुढे हा रुमाल झाला. त्यांच्यातल्या आसुसेना विल्याफ्लोर यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पळवून नेऊन मारलं. अवशेषांची ओळख पटली २००५ मध्ये, आणि त्यांची रक्षा याच स्तंभाच्या पायथ्याशी ठेवली आहे. आम्ही तिथूनच वळत होतो, आणि तेव्हा मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

बेपत्ता मुलांची नावं पुकारली जात होती. प्रत्येक नावानंतर सगळे म्हणायचे, ‘प्रेसेन्ते!’ म्हणजे ‘हजर!’ पहिल्या काही नावांना माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. नंतर फुटला.

घरच्यांची काळजी खोटी नाही. मेक्सिकोच्या राज्यघटनेतलं कलम ३३ परदेशी माणसाला देशाच्या राजकारणात पडायला चक्क मनाई करतं, आणि असे देश आणखीही आहेत. त्यामुळे यापुढे मोर्चा कशासाठी आहे हे कळल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. दगडफेक किंवा पळापळ दिसली तर तिथून निघेन. कुणाच्या रडत्या चेहऱ्याचा फोटो तर कधीच काढणार नाही. पण ‘संबंध काय’ हा प्रश्न मला पटत नाही. ज्यांचं दुःख आहे त्यांनीच तुमचा हात धरला ना? मग बाकीच्यांनी संबंध विचारू नये. तुमचं चुकलं नाही. तो चौक कुठला आणि त्या बाई कशासाठी चालत होत्या, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. जरूर कळवा, मला ऐकायचंय.

आमची फेरी संपली तेव्हा वाऱ्याने आजींच्या गळ्यातला फोटो उलटा झाला होता. माझा हात सोडून त्यांनी आधी तो सरळ केला.